बिभीषणच्या बागेतलं यान

बाकीची पोरं सुट्टीत मामाच्या गावाला गेली, मोनिका सूड उगवायला मागं राहिली. मामा तिलाही होता, सोनईला, घरात कूलर असलेला. तो न्यायला आला तेव्हा तिनं पोट दुखतंय म्हणून सांगितलं, आणि त्याची मोटारसायकल वळणाआड गेली तसं पोट बरं झालं. आईबाप ऊसतोडीवरून आले आणि पंधरा दिवसांत शिर्डीला एका बांधकामावर गेले. घरात उरली अकरा वर्षांची मोनिका आणि तिचा आजोबा भिमाजी. ती त्याला आबा म्हणायची.

सूड घ्यायचा होता तो बिभीषणवर. हिवरदऱ्यात सहा एकर संत्र्याची बाग एकट्या त्याचीच, म्हणून सारं गाव त्याला तात्या म्हणे. मोनिकाही तोंडावर तात्या म्हणायची. मनात जे म्हणायची ते इथं सांगण्यासारखं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा पोरीला कसला आलाय सूड. म्हणणाऱ्यानं आधी ऐकून घ्यावं. भिमाजी पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून चालायचा आणि खाली पाणी असलं की नारळ शेंडी वर करून उभा राहायचा. शास्त्र काय म्हणतं ते शास्त्राला विचारा. पाथर्डीपासून तिसगावापर्यंत माणसं बोअर घ्यायच्या आधी भिमाजीला गाडीवर बसवून न्यायची, चहा पाजायची, टॉवेल-टोपी देऊन मानानं घरी सोडायची. दोन वर्षांपूर्वी बिभीषणनं नेलं. भिमाजीनं जागा दाखवली. सहाशे फूट खाली गेले आणि वर आला तो नुसता पांढरा भुकटा, पाण्याचं नाव नाही. मग बिभीषणनं काय करावं? त्यानं त्या भुकट्याची पाटी भरली आणि गावादेखत म्हाताऱ्याच्या डोक्यावर ओतली.

"घे तुझं पानी," तो म्हणाला. "कर आंघुळ."

माणसं हसली. मोनिका तेव्हा नऊ वर्षांची होती, आबाचं बोट धरून उभी होती. निम्मी पाटी तिच्याही डोळ्यांत गेली.

त्या दिवसापासून आबानं नारळ हातात घेतला नाही. घ्या म्हणायलाही कुणी आलं नाही म्हणा. दिवसभर ओट्यावर बसायचा, काही विचारलं तर हूं म्हणायचा. मोनिकाला वाटायचं, म्हातारा आतून जळतोय, अपमान गिळून बसलाय. मग त्याच्या वाटचं ती बोलायची. भाकरी थापता थापता बिभीषणच्या सात पिढ्या काढायची. त्याच्या बागेला कीड लागू दे, त्याच्या ट्रॅक्टरचं टायर भर रस्त्यात फुटू दे, त्याच्या मोटारीत उंदीर शिरू दे. रोज नवीन. आबा ऐकायचा. गप्प बस असं त्यानं तिला कधी म्हटलं नाही.

पण शिव्यांनी काय होतंय? बाग तशीच हिरवी आणि बिभीषण तसाच ताठ. आणि मग एक मेला निकाल लागला.

निकालाच्या दिवशी नीलांबरी मॅडमनी पोरांना मोबाईलवर एक बातमी दाखवली. रशियाचं एक यान होतं, शुक्रावर जायला निघालेलं. पन्नास वर्षांपूर्वी निघालं, वाटेतच फसलं, आणि तेव्हापासून पृथ्वीभोवती गरगर फिरत होतं. आता आठ-दहा दिवसांत ते खाली पडणार होतं. कुठं पडणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. शुक्रावरची आग सोसावी असाच तो गोळा बनवलेला, त्यामुळं बहुतेक जळणारही नाही, मॅडम म्हणाल्या, अख्खाच्या अख्खा खाली येईल. वजन अर्धा टन.

"आणि मॅडम, सापडला तर?" मोनिकानं विचारलं.

"हात लावायचा नाही. पोलिसांना कळवायचं. ते जागा बंद करतात, मग सरकारची माणसं येतात. ज्या देशाचं यान असतं त्या देशाला परत द्यावं लागतं."

पोरांनी निकालाचा कागद घेतला आणि धूम ठोकली. मोनिकाच्या डोक्यात मात्र जागा बंद करतात एवढंच राहिलं. घरी येईपर्यंत तिनं सगळं डोळ्यांपुढं मांडून पाहिलं. संत्र्याची बाग. भोवती काटेरी तार. तारेपाशी बंदूकवाला पोलीस. तारेच्या बाहेर बिभीषण, हात जोडून, सायेब, माझी झाडं वाळतील, सायेब. आणि साहेब रशियाचा, त्याला मराठी येत नाही. मोनिका रस्त्यानं एकटीच हसली.

झालं, ठरलं. यानाला पडायचंच असेल तर ते बिभीषणच्या बागेत पडलं पाहिजे.

दहा तारखेला ते पडलं. टीव्हीवर त्या आठवड्यात दुसऱ्याच बातम्यांचा धुमाकूळ होता. किराणा दुकानातल्या टीव्हीवर खाली एक ओळ सरकून गेली तेवढीच: समुद्रात पडलं असावं. असावं म्हणे. पाहिलं का कुणी? कुणीच नाही. मोनिकाचा समुद्रावर भरवसा नव्हता, तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. शिवाय त्या दिवशी सकाळी भांडी घासताना तिनं डोंगराकडून धाडकन आवाज ऐकला होता. दगडखाणीतला सुरुंग असेल असं आबा म्हणाला. आबाला काय माहीत.

शोधायचं तर यंत्र पाहिजे. घरात यंत्र एकच होतं, देवळीत ठेवलेला आबाचा नारळ, वाळून खडखडीत झालेला. जो जमिनीखालचं पाणी ओळखतो त्याला अर्ध्या टनाचा गोळा ओळखायला काय धाड भरली, असा तिचा हिशेब. आणि धरणाराही तसाच पाहिजे, तर मोनिका पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी आले होते, आणि पायाळू माणसाला जमिनीखालचं उमगतं हे हिवरदऱ्यात शेंबडं पोरही सांगेल. पाणाड्याचं रक्त ओ पॉझिटिव्ह लागतं असंही म्हणतात. शाळेच्या तपासणीत तिचं तेच निघालं होतं.

दुपारी आबाचा डोळा लागला की ती निघायची. डोक्यावर बापाचं तडा गेलेलं पिवळं हेल्मेट, कमरेला ओढणी, काखेत वही. वहीत तिनं बागेचा नकाशा काढला होता, झाडांना नंबर दिले होते. आपण दोघीजणी आहोत असं ती धरून चालायची. एक मोनिका बागेत चालायची आणि दुसरी वर आभाळात फिरत खाली बघायची. वरची म्हणायची, बारा नंबरला चकाकतंय बघ. खालची जाऊन बघायची तर फवारणीच्या औषधाचं झाकण. तेही ती उचलायची. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचा नट सापडला, त्यावर तिनं पेनानं रशिया असं लिहिलं आणि बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवला. नारळ मात्र हातावर मेल्यासारखा पडून राहायचा.

तिसऱ्या दिवशी बिभीषणनं तिला गाठलं.

"काय करतीस गं हितं?"

मोनिकानं नारळ खाली घेतला नाही. भीक घालायचीच नाही असं तिनं आधीपासून ठरवलेलं होतं. "यान शोधतीय."

"काय?"

"रशियाचं यान. आभाळातनं पडलंय. तुमच्या बागंत हाय."

बिभीषण तोंड वर करून हसला. पण हसताना त्याची नजर नारळावरून हलेना. वर्षभर तो टँकर आणून बाग जगवत होता. खालच्या अंगाच्या दोन ओळींतली झाडं माना टाकून उभी होती, हे मोनिकाच्या नकाशातही होतं.

"भिमाजीची नात ना तू? पायाळू हाईस म्हनं."

"व्हय."

"आबानं धाडलं का?"

"न्हाई. त्येन्ला ठावं पन न्हाई."

"बरं बरं. यान व्हय," तो म्हणाला आणि त्यानं डोळा मारला.

त्या डोळ्यानं मोनिकाला सगळं कळलं. अकरा वर्षांची होती, खुळी नव्हती. याला वाटतंय ही पाणी शोधतीय. म्हाताऱ्याची विद्या पोरीत उतरलीय आणि म्हाताऱ्यानं तिला खोटं बोलायला शिकवून पाठवलंय, असं याला वाटतंय.

दुसऱ्या दिवशी बिभीषण तिची वाट बघत बांधावर बसला होता. हातात आंब्याची थंडगार पेप्सी होती, दातानं टोक तोडून चोखायची तसली. तिनं ती घेतली. शत्रूची पेप्सीसुद्धा गारच लागते.

"सांग बाळा, कुटं हुबा ऱ्हातोय नारळ?"

"तात्या, मी यान शोधतीय. पानी न्हाई."

एकदा सांगितलं होतं, हे दुसऱ्यांदा. बिभीषण पुन्हा हसला. "शानी हाईस. कुनाला बोलू नगंस, आबालाबी न्हाई. फकस्त जागा दाव."

तिसऱ्यांदा सांगायची मोनिकाला गरज वाटली नाही. हा माणूस आता आपल्या पायानं चालत येतोय, तर अडवणारी मी कोण, असं तिला वाटलं, आणि पोटात गुदगुल्या झाल्या. यानाचा तिला त्या क्षणी साफ विसर पडला.

बागेच्या वरच्या कोपऱ्यात काळा कातळ होता. तिथं कुसळ उगवत नसे. खाली एकसंध दगड आहे, पाताळापर्यंत गेलं तरी ओल लागायची नाही, असं आबानंच तिला ती लहान असताना सांगितलं होतं. मोनिका पेप्सी चोखत सगळ्या बागेतून फिरली, मुद्दाम फिरली, ऊन चांगलं लागू दिलं त्याला. मग कातळावर गेली. तिनं तळहात वर उचलला आणि अंगठ्यानं नारळाला बुडाखालून हळूच दाबलं.

नारळ उभा राहिला. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

बिभीषणनं पायातल्या चपला काढल्या. कातळ तव्यासारखा तापला होता, तरी तो अनवाणी उभा राहिला.

"किती खोल?"

"लई खोल."

"पाचशे?"

"जादाच."

खाली वाकून त्यानं तिच्या पायाजवळ एक दगड ठेवला, खूण म्हणून.

दोन दिवसांनी बोअरची गाडी आली. तिसगावचा सुनील नावाचा एजंट ती घेऊन आला होता. सकाळी उदबत्ती लावली, नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि मशिनचा आवाज सुरू झाला तसं सगळं गाव गोळा झालं. मोनिका सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी दात काढले होते ते सगळे आलेत का, हे तिनं एकेक तोंड बघून खात्री करून घेतलं. आले होते.

शंभर फूट, दोनशे फूट. पांढरा धुरळा उडत होता. दोनशे वीसला भुकटा जरा ओलसर आला आणि कुणीतरी म्हणालं, लागलं. मोनिकाच्या काळजाचं पाणी झालं. नको, देवा, नको, याला नको, असं ती मनात म्हणत राहिली, इतकी की तिच्या मुठी आवळल्या गेल्या. आणखी दहा फुटांवर पुन्हा कोरडं झालं. तिनं श्वास सोडला.

चारशे. पाचशे. दुपारचे तीन वाजले. माणसं झाडांच्या सावलीला सरकली, मोनिका उन्हातच राहिली. सहाशेला सुनीलनं हात केला. "तात्या, ऱ्हाऊ द्या आता. कातळच हाय खाली."

बिभीषण नखशिखांत पांढरा झाला होता, फक्त डोळे तेवढे लाल. त्यानं मोनिकाकडं पाहिलं. इतक्या माणसांत त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि त्या बघण्यात दरारा नव्हता, काकुळत होती.

"हाय ना गं पोरी?"

मोनिकानं मान हलवली. हाय.

"आनखी शंभर जाऊ दे," बिभीषण सुनीलला म्हणाला.

सातशेला गाडी थांबली. कानठळ्या बसवणारा आवाज थांबल्यावर सगळीकडं नुसती शांतता. बिभीषण चालत तिच्यापुढं आला.

"कुटाय पानी?"

हाच तो क्षण. दोन वर्षं तिनं चुलीपुढं ज्याची तालीम केली होती. ती मोठ्यानं बोलली, शाळेत कविता म्हणतात तशी, शेवटच्या माणसालाही ऐकू जावं म्हणून.

"पानी कोन म्हनलं? मी रशियाचं यान शोधत हुते. तुमाला दोनदा सांगितलं, तात्या. तुमी हसला."

आधी सुनीलला हसू फुटलं. मग त्याच्या शेजारच्याला. मग सगळं गाव हसलं, बायका पदर तोंडाला लावून, म्हातारे खोकत खोकत. तात्या, यान लागलं का? तात्या, आनखी शंभर जाऊ द्या, रशिया लागंल. बिभीषणनं हात उगारला नाही. तो तिथंच त्या भुकट्याच्या ढिगावर खाली बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. मोनिकानं ते पोटभर पाहून घेतलं. मग ती पळत सुटली, ती थेट घरापर्यंत.

आबा ओट्यावर होता. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं, पेप्सीपासून ते सातशे फुटांपर्यंत. सांगताना ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. आता हा हसेल, आता हा उठेल, आपल्याला जवळ घेईल.

"कातळावर?" आबानं विचारलं.

"व्हय. तुमीच म्हनल्ता ना, तिथं ओलबी न्हाई."

"आन नारळ हुबा ऱ्हायला तिथं?"

"मी केला."

"अंगठ्यानं?"

मोनिका थांबली. अंगठ्याचं तिनं सांगितलं नव्हतं. बिभीषणला कळलं नव्हतं, कुणालाच कळलं नव्हतं.

"तुमाला कसं कळलं?"

आबानं स्वतःचा उजवा हात उलटा करून पाहिला. "बुडाखालनं जरा दाबलं की उठतोय. बघनाऱ्याला उमगत न्हाई."

मग तो बोलत गेला, आणि दोन वर्षांत तो इतकं एका वेळी बोलला नव्हता. "त्या दिशी त्याच्या रानात चार तास फिरलो, मोने. न्हाई हलला नारळ. तो मागंमागं यायचा. बघा ना आबा, आसंल आबा, तुमच्या हाताला यश हाय. सारं गाव जमल्यालं. न्हाई म्हनवंना. म्हनलं, नशिबानं लागलं तर लागंल. आन दाबला अंगठा."

"म्हंजी त्यानं तुमच्या डोक्यावर पाटी वतली ती..."

"बराबर वतली. तुज्या डोळ्यांत गेली तेवढी चुकली."

बाहेर रस्त्यानं पोरं ओरडत चालली होती, बिभीषणतात्याचं यान, बिभीषणतात्याचं यान. दोन वर्षं ती हेच ऐकायला तरसली होती. आता तिला वाटलं, कुणीतरी त्यांचं तोंड दाबावं.

"मग तुमी बोलला का न्हाईत?" ती म्हणाली. "मी रोज त्याला शिव्या द्यायची. रोज. तुमच्यापायी द्यायची. तवा का बोलला न्हाईत?"

आबानं मान वर केली नाही.

"तू शिव्या द्यायचीस," तो म्हणाला, "मला बरं वाटायचं."

तिला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगा. बिभीषणचा इतका राग तिला कधी आला नव्हता. त्यानं निदान जे केलं ते उजेडात केलं होतं. आणि आज त्यानं तिला विचारलं होतं, हाय ना गं पोरी, आणि तिनं मान हलवली होती. ती मान आता परत कशी घ्यायची? ती आत गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली. त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली नाही. आबानं भाकरी मागितली नाही.

सकाळी आबानं तोंड धुतलं, धुतलेलं धोतर नेसलं आणि काठी घेतली. दारात येऊन तो थांबला.

"तात्याकडं चाललोय. येतीस?"

मोनिकानं मान हलवून नाही म्हटलं. तिच्या तोंडून शब्द निघाला असता तर तो वाईटच निघाला असता.

त्यांचं घर चढावर होतं, तिथून गल्ली खाली बिभीषणच्या फाटकापर्यंत दिसायची. आबा काठी टेकत उतरला. किराणा दुकानापाशी माणसं बसली होती, त्याला बघताच उठली. भिमाजीबाबा, नातीनं नाव काढलं बघा. एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली, सगळे मोठ्यानं हसले. आबा थांबला. त्यानं उजव्या हाताचा अंगठा पुढं धरून काहीतरी सांगितलं. काय ते मोनिकाला ऐकू आलं नाही, पण दुकानापुढचं हसणं थांबलं. थाप मारणाऱ्यानं हात काढून घेतला.

आबा पुढं गेला. हापशावर बायका होत्या, त्यांनी हसून त्याला हाक मारली. तो थांबला, बोलला. त्याही गप्प झाल्या, एकीनं भरलेला हंडा उचलला आणि त्याच्याकडं न बघता चालू लागली.

बिभीषणच्या फाटकाला अजून चार घरं होती, आणि चारही दारांत माणसं म्हाताऱ्याला शाबासकी द्यायला हसत उभी होती. मोनिका उंबऱ्यावरून बघत राहिली. ती हलली नाही.